भांड्यावरचं नाव

ऑशविट्झच्या संग्रहालयात काचेमागे सुटकेसींचा एक ढीग ठेवलेला आहे. सुटकेसींवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत मालकाचं नाव, कुणाचं गाव, कुणाची जन्मतारीख. पोहोचल्यावर आपलं सामान आपल्याला ओळखू यावं म्हणून घातलेली नावं. हा फोटो मी अकरावीच्या वर्गात प्रोजेक्टरवर लावला होता. हिटलरच्या राजवटीत ६० लाख ज्यू मारले गेले, हे वाक्य मुलं त्याआधीच वहीत उतरवून मोकळी झाली होती. फोटोपाशी मात्र वर्ग थांबला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात, तसंच हाय की हे."

मला पुढं काही बोलता येईना. तास संपायला दहा मिनिटं होती, ती मी कशीबशी काढली.

आमच्या न्हाणीत तांब्याचा एक मोठा हंडा आहे. घरात बंब आला, बंब जाऊन गिझर आला, हंडा जागचा हलला नाही. त्याच्या गळ्याखाली, घासताना जिथं हात फिरतो तिथं, ठोक्यांनी उठवलेली अक्षरं आहेत. उर्दू. लहानपणी मला ती वेलबुट्टी वाटायची. कळायला लागल्यावर आत्याला विचारलं, तर म्हणाली, "बाजारातनं आणलाय." ते पटण्यासारखंही होतं. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरी, शाळा, सगळा कारभार उर्दूतून चालायचा. आजोबा उर्दू लिहायचे, वाचायचे. घरातले जुने कागद उर्दूतच आहेत. तांबटानं उर्दूत नाव घातलं असेल तर त्यात नवल ते काय? फक्त आमच्या बाकीच्या भांड्यांवर आजोबांचं नाव देवनागरीत आहे. हे रोज डोळ्यांसमोर असून मला कधी खटकलं नव्हतं, आणि मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवतोय.

सहलीचं त्या आठवड्यात ठरवलं. आमच्याकडं कॉलेजची सहल म्हणजे वेरूळ, अजिंठा, नाहीतर औंढा नागनाथ. या वेळी मी अर्जात लिहिलं: मराठवाड्यातल्या असहिष्णुतेचा आणि हिंसेचा अभ्यास, तीन दिवस. पोलंडला किंवा रवांडाला मुलं नेण्याची ऐपत आमच्या कॉलेजची नाही, आणि खरं सांगायचं तर तशी गरजही नाही. परवानगी मिळाली. पालकांचे फोन मात्र सुरू झाले. एकजण म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, लेकरांच्या डोक्यात कशाला घालताव?" दुसरे म्हणाले, "रझाकारांनी काय केलं ते दाखवा, बाकीचं राहू द्या." तिसरे स्वतःच आले. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीचे वडील. एवढंच विचारलं, "सर, माझी पोरगी बसमधी एकटी तर नाही ना पडायची?"

मी "नाही पडायची" म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, कुणास ठाऊक.

प्रासंगिक करारावर एसटी घेतली. एकतीस मुलं, आम्ही दोघं शिक्षक, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. गाडीत मी मुलांना राफाएल लेम्किन या माणसाबद्दल सांगितलं. पोलंडमधला ज्यू वकील. स्वतः कसाबसा वाचला, त्याचे एकोणपन्नास नातेवाईक मारले गेले. एखाद्या समूहाला समूह म्हणून नाहीसं करण्याच्या गुन्ह्याला जगातल्या कायद्यात नावच नव्हतं. ते त्यानं १९४४ साली तयार केलं. ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून 'जेनोसाइड'. आपण त्याला नरसंहार म्हणतो, पण वंशसंहार हा शब्द जास्त जवळचा आहे. लेम्किन त्यानंतर वर्षानुवर्षं देशोदेशीच्या प्रतिनिधींच्या मागं लागला आणि ९ डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या गुन्ह्याविरुद्धचा करार मंजूर केला. ती तारीख मी मुलांना पाठ करायला लावली. मुलं कुरकुरली. का, ते लातूरला सांगेन म्हणालो.

आधी गोरट्याला जायचं, हे मी मुद्दाम ठरवलं होतं. गोरटा आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात आहे. पण आमचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. मे १९४८ मध्ये निजामाच्या बाजूनं हत्यारं घेतलेल्या रझाकारांनी तिथं दोनशेच्या आसपास माणसं मारली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. त्या वर्षभरात आमच्या भागात लूट, जाळपोळ, खंडण्या, बायकांवर अत्याचार, काही म्हणता काही बाकी राहिलं नाही. माझे आजोबा तेव्हा बैलगाडीत बिऱ्हाड घालून रातोरात संस्थानाबाहेर, भारताच्या हद्दीत बार्शीला गेले. आजीच्या कडेवर माझे वडील होते आणि आत्या गाडीमागं चालत होती. रझाकारांनी आमची कडब्याची गंज पेटवली, घर धुऊन नेलं. ही कहाणी मी दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनाचा झेंडा झाला की ऐकत आलोय. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेताना आजोबांचा आवाज भरून यायचा. त्या लढ्याचा अभिमान मला त्यांच्याकडून मिळालाय आणि तो आजही तसूभर कमी नाही.

गोरट्यातून निघाल्यावर मी शोएबुल्ला खान यांची गोष्ट सांगितली. हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवणारा तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं उघड लिहायचा, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारलं. त्याचा लिहिता हात तोडला. मुलं गप्प झाली. एकानं विचारलं, "सर, मग हे आपल्या पुस्तकात ठळक का नाही?" मागच्या बाकावरची मुलगी गाडीतही मागंच बसली होती. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या शेजारची जागा भरलेली आहे ना, एवढं मी मान वळवून पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर. गंजगोलाई. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, देवीच्या देवळाच्या कठड्याला टेकून मुलं उभी राहिली. भोवती दुकानांची शटर वर जात होती, हमाल पोती उतरवत होते. इथं मी त्यांना ती तारीख पुन्हा विचारली. ९ डिसेंबर १९४८, सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. मग मी सांगितलं, की पॅरिसमध्ये तो करार मंजूर होत होता तेव्हा तीन माणसं आपल्याच मुलखात गावोगाव फिरत होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. आपण त्याला पोलीस ॲक्शन म्हणतो. त्यानंतर मुसलमानांवर जे गुदरलं ते पाहून यायला नेहरूंच्या सरकारनं या तिघांना पाठवलं होतं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सर्वांत भयंकर परिस्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. लातुरात ही कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे नेसत्या वस्त्रानिशी पळाले होते. सरकारनं तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकांनी तो दिल्लीच्या ग्रंथालयात अभ्यासकांना बघायला मिळू लागला.

त्या अहवालातली एक गोष्ट मी मुलांपुढं वाचली नाही. विहिरीची. पण गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं, की एक मोबाइल पुढच्या बाकापासून मागं हातोहात जातोय. एका मुलानं शोधून काढलं होतं. समितीनं एका विहिरीत अकरा प्रेतं मोजली होती. त्यात एक बाई होती, तिच्या छातीला बिलगलेलं मूल होतं. मोबाइल शेवटच्या बाकापर्यंत गेला. त्या मुलीनं वाचलं, स्क्रीन बंद केली आणि ज्याचा होता त्याला तो उठून नेऊन दिला. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

अहवालात दुसरंही आहे, ते मी वाचून दाखवलं: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी चालून आलेल्या हिंदूंशी झुंज घेतली, त्यात स्वतःचे जीव गमावले. हे ऐकून गाडीत एकदम सैलपणा आला. मुलांना श्वास घ्यायला जागा मिळाली. त्यांना ती मिळावी असं मलाही वाटत होतं, पण लगेच वाटलं, की आपण सगळेच या एका वाक्याला धरून बाकीचं विसरून जाऊ. मोठी माणसं तेच करत आली आहेत.

दुपारी ज्या गावात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथले एक म्हातारबाबा, सारं गाव त्यांना मामू म्हणतं, आमच्याशी बोलायला तयार झाले होते. अठ्ठेचाळीस साली दहा वर्षांचे. ते आम्हाला एका पाटलाच्या वाड्यात घेऊन गेले. माजघरात भिंतीलगत बळद होतं. आजकालच्या मुलांना बळद ठाऊक नसतं: भिंतीच्या आत धान्य साठवायची खोल जागा, तोंड वरच्या बाजूला, माणूस उतरेल एवढं. आता ते रिकामं आहे, वर जुनी पाटी झाकण म्हणून ठेवलेली. मामूंनी पाटी सरकवली आणि म्हणाले, "इथं होतो आम्ही. मी, दोघी बहिणी, माझी माय. चार दिवस."

ज्वारी अर्ध्यावर होती, तिच्यात मांड्यांपर्यंत रुतून बसायचं. ज्वारीच्या धुळीनं धाकट्या बहिणीला खोकला यायचा, तेव्हा माय तिचं तोंड आपल्या पोटात दाबून धरायची. रात्री पाटलीणबाई वरून भाकरी सोडायची आणि बोलायची मात्र नाही. मामू सांगत होते आणि सांगता सांगता हात बळदाच्या काठावरून फिरवत होते. काठ इतका गुळगुळीत झाला होता, की त्यांचा हात तिथं पहिल्यांदा फिरत नसावा. मग पाटलांच्या आताच्या सूनबाईंनी चहा आणला, सगळ्यांना वाटलं आता झालं. मामूंनी कप हातात धरला आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, "ह्याच घरातला एकजण रातीला बाहेर जायचा. सक्काळी यायचा. आमच्या घरचं दार त्यानंच काढून नेलं. सागवानी होतं."

सूनबाई तिथंच उभ्या होत्या. खाली बघत म्हणाल्या, "व्हय. गोठ्याला बसवलेलं होतं. माझं लगीन झालं तवा होतं."

मी आजवर वंशसंहारावर जे काही वाचलंय ते त्या दोन वाक्यांपुढं मला अपुरं वाटलं. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली. रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जायचं आणि मारायला येणारे पुष्कळदा शेजारीच असायचे, हे मी वर्गात सांगतो. शेजाऱ्यांनी मारलं, शेजाऱ्यांनी वाचवलं, असं दोन खात्यांत मांडून सांगतो. एकाच घरातून, एकाच रात्री, आई भाकरी सोडतेय आणि मुलगा दार उचकटतोय, हे कुठल्या खात्यात मांडायचं? मामू त्या घरी पुढं आयुष्यभर ईदेला शिरखुर्मा पाठवत राहिले. गोठ्याच्या दाराकडंही बघत राहिले असतील.

वाड्यातून बाहेर पडताना एका मुलानं विचारलं, "मामू, तुम्ही ते दार परत कामून नाही मागितलं?" मामू म्हणाले, "बेटा, मागितलं असतं तर त्यानला ते नेलं होतं असं म्हणावं लागलं असतं."

तिसऱ्या दिवशी टेंभुर्णी, नांदेड जिल्ह्यातली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. ऑगस्टमध्ये टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आलं. नाव बदलायला त्यानंतर १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तेही 'मराठवाडा' हा शब्द शेवटी ठेवून. रवांडा पेटायच्या तीन महिने आधीची गोष्ट. इथं मी जास्त बोललो नाही. कारण आमच्यातल्याच एका मुलाची आजी त्या दिवसांत कंधारकडच्या एका वस्तीतून लेकरं घेऊन रानात पळाली होती. बोलायला तोच उभा राहिला. त्याच्या घरी अजूनही काळ मोजताना जाळपोळीच्या आधी, जाळपोळीच्या नंतर असं म्हणतात. झोपड्या गेल्या त्याचं आजीला तितकं वाटत नाही, त्या पुन्हा बांधल्या. पण त्यानंतर गावानं बहिष्कार घातला. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार मीठ देईना, शेतावर कुणी बोलवेना. आजीनं एक महिना ज्वारी भरडून कण्या शिजवल्या. आजही ती कण्या खात नाही.

मग त्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही सांगितलेल्या करारात कोणकोणते गट हायत?" मी सांगितलं: राष्ट्रीय, वांशिक म्हणजे 'एथ्निक', वंशाचा म्हणजे 'रेस', आणि धर्माचा. "जात?" जात त्यात नाही, मी म्हणालो. १९४८ साली तो मसुदा करणाऱ्यांनी ती घातली नाही. भारतानं १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली, तेव्हाही शब्द तेच होते. आपल्याकडं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो वेगळा. हेही सांगितलं, की १९७८ ला वंशसंहार म्हणता येणार नाही, कारण त्या शब्दाला समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे आजीचं जे झालं त्याला मोठा शब्द नाही." मी "नाही" म्हणालो. मला ते उत्तर देताना लाज वाटली, पण त्याच्याशी खोटं बोलणं त्याहून वाईट झालं असतं.

परतीला अंधार पडला होता. गाडीत आदल्या दोन संध्याकाळी भेंड्या झाल्या होत्या, त्या दिवशी नाही. ती मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सर, मामूंचं दार तरी त्यांना ओळखू यायचं. भांडी कुणाकुणाची गेली असतील, त्यांच्यावर तर नावंच होती." मग थोडं थांबून, "अशी भांडी लोक ठेवतात का सर, की मोडीत घालतात?"

मी तिला सांगितलं, आमच्या घरी एक हंडा आहे.

हे सांगायला मला तीन दिवस लागले, किंवा पन्नास वर्षं. मी मुलांना गोरट्याला नेलं, लातूरला नेलं, दुसऱ्याच्या वाड्यातलं बळद दाखवलं, परक्या घरच्या सुनेला खाली मान घालायला लावली. आणि माझे आजोबा बार्शीहून मोकळ्या हातानं परत आले होते, घर धुतलेलं होतं, हे मीच सांगत आलोय. तर मग त्या धुतलेल्या घरात एवढा मोठा हंडा आला कुठून, हा हिशोब मी कधी केला नाही. आजोबांनी लुटला असेल? कुणी ठेवायला दिला असेल? की लुटीचा माल बाजारात स्वस्तात मिळाला आणि त्यांनी घेतला, म्हणजे आत्या खरंच बोलत होती? आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. मी त्यांचा लाडका नातू. त्यांना या तिन्हीपैकी कुठं बसवावं, मला ठरवता येत नाही.

पुढच्या रविवारी ती मुलगी वडिलांबरोबर आमच्या घरी आली. वडील बैठकीत बसले. मी हंडा चिंचेनं घासून अंगणात उन्हात आणून ठेवला होता. आत्या ओसरीवर वाती वळत बसली होती; तिचं वय आता पंच्याऐंशी. तिनं एकदा हंड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि वाती वळत राहिली.

मुलगी हंड्यापाशी बसली. अक्षरं उलट्या बाजूनं होती, तिनं हंडा फिरवून घेतला. बोट ठेवत उजवीकडून वाचू लागली. एका बाईचं नाव होतं. त्याखाली आमच्या गावाचं. नाव इथं लिहीत नाही, त्या बाईचं माणूस कुठंतरी असेल. मुलीनं ते दोनदा वाचलं, अगदी स्वच्छ, नुक्त्यासकट, जसं उर्दूत म्हणायला हवं तसं.

ओसरीवरून आत्या म्हणाली, "तसं नव्हं गं." आणि तेच नाव तिनं आमच्या गावात जसं म्हणत असतील तसं, शेवट लांबवून म्हणून दाखवलं.